बाळकुमची देवी ठाकुर्लीला जाते

लोक काशीला जातात, बद्रीनाथला जातात आणि आल्यावर चार जणांना बोलावून सांगतात. मी ठाकुर्लीला जाऊन आले. बाळकुमहून ठाकुर्ली म्हणजे सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला परत येईल एवढंच लांब. आम्हाला मुक्काम करावा लागला, कारण बरोबर सासूबाई होत्या आणि वाटेत कल्याणला त्यांची बहीण होती.

मला चारचौघांत बोलता येत नाही. दुकानात माझ्या मागून आलेली बाई साखर घेऊन घरी पोचते, तरी मी तिथेच उभी असते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर लिहायचा प्रसंग आला तो डब्यांवर 'मीठ' आणि 'सोडा' लिहिण्यापुरता. त्यामुळे हे कोणाला बोलावून सांगणं माझ्याने व्हायचं नाही. लिहून ठेवते. माझ्यासारखी कोणी आई असेल आणि तिला तिकडे जायचं असेल, तर निदान वाट माहीत असावी.

बाळकुम

माझी मुलगी दर्शना. सहावं लागलंय. ती तीन वर्षांची असताना तेलाच्या डब्यावरचं नाव वाचायला लागली. कोणी शिकवलं नव्हतं. मग कॅलेंडर, मग भिंती, मग रद्दीचा पेपर, उलटा धरला तरी. पण "पाणी हवं का?" विचारलं तर ती म्हणायची, "पाणी हवं का?" हाक मारली तर मान वळवायची नाही. आणि आजवर मला 'आई' म्हणालेली नाही.

ह्यांचं म्हणणं, पोरगी हुशार आहे, बोलेल सावकाश. सासूबाईंचं म्हणणं वेगळं. आमच्या गावठाणात कोणाच्या अंगात वारं येतं, कोणाला देवी सांगते, हे सगळ्यांना मान्य असतं. एकदा शेजारच्या काकू मुलीचं लग्न मोडल्याचं रडत सांगत होत्या. त्यांच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. दर्शना समोर येऊन मोठ्याने म्हणाली, "एकदा याल, पुन्हा याल." पिशवीवर तेच छापलेलं होतं. पण त्याच आठवड्यात लग्न मोडून गेलेली माणसं खरंच पुन्हा आली, आणि लग्न जमलं.

झालं. तेव्हापासून बायका नारळ घेऊन यायला लागल्या. सासूबाई दर्शनाला पाटावर बसवायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या. बायका प्रश्न विचारायच्या आणि दर्शना समोर दिसेल ते वाचायची. एकीला मुलगा होईल का, तर "थंड व कोरड्या जागी ठेवा." एकीचा नवरा दारू सोडेल का, तर "स्टॉक असेपर्यंतच." बायका त्यातून हवा तो अर्थ काढायच्या. खाटेखाली नारळांचा ढीग झाला. आमच्याकडे वर्षभर प्रत्येक कालवणाला ओलं खोबरं होतं, हे मी नाकारत नाही.

देवीचं बरं चाललं होतं, शाळेचं नव्हतं. जूनमध्ये पहिलीत नाव घालायला गेले तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

दर्शना म्हणाली, "बाळ, तुझं नाव काय?"

"अगं, मी तुला विचारतेय."

"अगं, मी तुला विचारतेय."

दारातला शिपाई हसला. मी खाली बघत राहिले. मोठ्या बाई वाईट नाहीत, पण वर्गात मुलं कोंबून बसवलेली. त्या म्हणाल्या, "हिला वर्गात बसवून मी काय करू? सोमवारी परत आणा. विचारलेलं कळतंय एवढं तरी दिसू दे. नाहीतर नाव घालता येणार नाही." हेच वाक्य मी बालवाडीतही ऐकलं होतं, आणि तिथून पोर घरी बसली होती. आता पहिलीतूनही घरी बसली, तर जन्मभर पाटावर बसून नारळ घेत राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी पूर्वीच सांगितलं होतं की ठाकुर्लीला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये सबनीस बाई म्हणून आहेत, त्यांचा मुलगा असाच आहे, आणि रविवारी त्यांच्याकडे अशा मुलांच्या आया जमतात. मी इतके महिने गेले नव्हते, कारण अनोळखी घराची कडी वाजवायची म्हटलं की मी गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरते. त्या दिवशी घरी येऊन मी म्हटलं, "मी जाते."

सासूबाई म्हणाल्या, "एकटी? तुला तोंड हाय का गो? मी येतं. त्या बाईला बी बगू दे आमची देवी."

कशेळीच्या पुलापलीकडे

ठाण्याला जाऊन गाडी पकडणं सासूबाईंना पटलं नाही. "कल्यानला जायाचं तर ठान्याला उलटं कशाला जायाचं?" म्हणून शनिवारी बाळकुम नाक्यावरून भिवंडीमार्गे एसटी. सासूबाईंच्या हातात सोड्यांचं पुडकं होतं. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. समोरच्या घरी सोडे चालतात की नाही, हे विचारायचा नियम नाही.

बसमध्ये बायकांच्या जागेवर एक गृहस्थ खिडकीला डोकं लावून डोळे मिटून होते. दर्शनाने त्यांच्या डोक्यावरची पाटी वाचली. "स्त्रियांसाठी राखीव." गृहस्थ झोपलेलेच. तिने परत वाचलं. तिचा आवाज खणखणीत, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. पाचव्या-सहाव्या वेळेला सगळी बस त्या गृहस्थांकडे बघायला लागली. ते उठले. सासूबाई बसल्या आणि म्हणाल्या, "बगितलं? मी बोलले असते तर भांडान झालं असतं."

मग कंडक्टर आला. दर्शनाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, दाराजवळची पाटी वाचली, "सुटे पैसे द्यावेत."

"ताई," कंडक्टर मला म्हणाला, "हे माझं वाक्य आहे."

मला हसू आलं. मी सुटे पैसे दिले. कशेळीचा पूल आला, खाली खाडीला ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. दर्शनाने पुलाचं नाव वाचलं, खाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. आमच्या घरातली सगळी माणसं आधी पाणी बघतात आणि मग पूल. ती कोणाच्या वळणावर गेली, ते मला कळत नाही.

पुढे भिवंडीपर्यंत गोदामं आणि यंत्रमागांचे कारखाने. तिने दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचल्या. मधल्या एका स्टॉपला तंबाखू चघळत एक म्हातारा चढला. दर्शनाने त्याच्या डोक्यावरची पाटी वाचली, "थुंकू नये." म्हाताऱ्याने घाबरून गिळून टाकलं.

कल्याण

दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीच्या अंगाला सासूबाईंच्या बहिणीचं घर. आम्ही तिला मावशी म्हणतो. मावशी सासूबाईंपेक्षा लहान, पण आवाज तेवढाच. दोघी भेटल्या की आधी भांडतात. या खेपेला भांडण कालवणावरून झालं. आमच्याकडे खाडीच्या कोळंबीत चिंच घालतात, मावशीने कैरी घातली होती.

"कैरी लोनच्यात घालतात," सासूबाई म्हणाल्या.

"तुज्या बाळकुमला कैऱ्या नसतील," मावशी म्हणाली. "नारलच जास्त झालेत, ऐकलं मी."

सासूबाईंनी तीनदा वाढून घेतलं. कैरीचं कालवण चांगलंच होतं. तांदळाची भाकरीही आमच्यापेक्षा पातळ. हे मी घरी बोलणार नाही, इथे लिहिते.

संध्याकाळी मावशीबरोबर बाजारात गेलो. कल्याणचा बाजार आमच्या नाक्यासारखा नाही. एका गल्लीत नुसती भांडी, एका गल्लीत नुसता गूळ आणि मिरची, हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येतात. आणि पाट्या! दुकानाला पाटी, पाटीवर पाटी, पाटीच्या खाली छोटी पाटी. मी बांगड्या बघायला क्षणभर वाकले आणि हातातला हात सुटला. वर बघते तर दर्शना नाही.

हाक मारून उपयोग नव्हता. हाकेला ती येत नाही. सासूबाई "दर्शू गो, दर्शू" ओरडत गुळाच्या गल्लीत शिरल्या, मावशी भांड्यांच्या. कोणाला तरी विचारायला हवं होतं, फ्रॉक लाल आहे एवढं सांगायला हवं होतं. मी नुसती पळत राहिले, लोकांच्या कोपरांना आदळत.

कोपऱ्यावर पाच-सहा माणसं वर बघत उभी होती. शिडीवर एक पेंटर दुकानाची पाटी रंगवत होता. शिडीच्या पायाशी दर्शना. तिने दोन्ही हातांनी शिडी धरली होती. वर लाल रंगात लिहिलं होतं, 'शुद्ध साजूक', आणि पुढे मोकळी जागा.

"ही तुमची का?" पेंटर वरून म्हणाला. "न्या हो हिला. मी चहाला निघालेलो, ही खाली उतरू देत नाही."

मी तिला हात धरून ओढलं. ती किंचाळली. पाय घट्ट रोवून, डोळे त्या मोकळ्या जागेवर. तिचा सगळा चेहरा दुखल्यासारखा झाला होता. सासूबाई धापा टाकत आल्या, त्यांनी एकदा नातीकडे, एकदा पाटीकडे बघितलं.

"अरे बाबा, पुरं कर ना ते," त्या पेंटरला म्हणाल्या.

"आजी, चहा पिऊन करतो."

"चहा मी पाजतं. आदी पुरं कर. पोर अर्ध्यात अडकली हाय."

दुकानदार बाहेर आला, तोही म्हणाला, "कर रे बाबा, चार दिवस मी सांगतोय ते ऐकलं नाहीस, निदान हिचं ऐक." पेंटरने कपाळावर हात मारला आणि ब्रश बुडवला. आम्ही सगळे मान वर करून उभे. त्याने 'तू' काढला. दर्शना चवड्यांवर उभी राहिली. त्याने 'प' काढला, रेघ ओढली. दर्शनाने एकदा मोठ्याने वाचलं, "शुद्ध साजूक तूप," लांब श्वास सोडला, शिडी सोडली आणि माझ्या बाजूने चालायला लागली. जणू काही झालंच नव्हतं.

सासूबाईंनी पेंटरला खरंच चहा पाजला. तो म्हणाला, "आजी, उद्या पण पाठवा हिला. माझी कामं वेळेवर होतील."

ठाकुर्ली

रविवारी सकाळी कल्याणहून एकच स्टेशन. टेकायला जागा मिळेपर्यंत ठाकुर्ली आलं.

कल्याणच्या गोंगाटातून आलेल्या माणसाला ठाकुर्ली म्हणजे सुट्टी लागल्यासारखं वाटतं. रेल्वेच्या बैठ्या चाळी, कौलं, प्रत्येक दारापुढे तगर नाहीतर जास्वंद, कोंबड्या फिरत होत्या. सबनीस बाईंचं घर कोणाला विचारायचं, या विचारानेच माझे पाय जड झाले. सासूबाई चप्पल तुटली म्हणून मागे दगडावर बसल्या होत्या. पण दर्शना दारादारावरची नावं वाचत पुढे चालली होतीच. मी नुसती तिच्या मागून गेले. चाळीतल्या सगळ्यांची आडनावं ऐकली, आणि 'सबनीस' आलं तेव्हा थांबले. कडी वाजवायलाही लागली नाही, दार उघडंच होतं.

सबनीस बाई चाळिशीच्या, सुती साडी, बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. "या, या. आधी पाणी घ्या." तेवढ्यात सासूबाई पोचल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "बाई, आमच्या पोरीच्या अंगात देवी येते."

"हो का?" बाई म्हणाल्या. "आत या. आमच्याकडे आज चार आल्यात."

आत खरंच चार मुलं होती. बाईंचा अमेय पंख्यावर कंपनीने काय लिहिलंय ते वाचत होता. एक मुलगा दुसऱ्याच्या सदऱ्यावरची इंग्रजी अक्षरं वाचत होता. एक मुलगी औषधाची बाटली हातात धरून 'चांगली हलवून घ्यावी' असं गाण्यासारखं म्हणत होती. चौथा सतरंजीखालचा पेपर. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भिंतीला टेकून त्यांच्या आया बसल्या होत्या, आणि चष्मेवाले एक वडील.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला. "एवढ्या सगळ्यांच्या अंगात एकच?" त्या माझ्या कानात म्हणाल्या. "ठाकुर्लीला बी येते?"

त्यांनी सोड्यांचं पुडकं बाईंच्या हातात दिलं. बाईंनी वास घेतला, आणि घरात बटाट्याशिवाय काही शिजत नसावं असा त्यांचा चेहरा झाला. पण माणूस चांगलं. त्यांनी ते जपून टेबलावर ठेवलं. पुडकं पेपरात बांधलेलं होतं. एका मिनिटात पाचही मुलं त्याच्याभोवती डोकं घालून बसली. अमेयला वळसा घेऊन गेलेली बातमी वाचायची होती, म्हणून त्याने कागद सोडवला. सोडे सतरंजीभर झाले. चष्मेवाले वडील टुणकन कोचावर चढले. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

तेवढ्यात डोंबिवलीहून आलेली एक आई गुडघ्यावर बसून सोडे गोळा करायला लागली. "अहो, काय सुंदर सोडे आहेत! आमच्याकडे याच्या खिचडीशिवाय पाहुणा जेवत नाही. सबनीस बाई, तुम्हाला नकोत ना?"

"मुळीच नकोत," बाई फार पटकन म्हणाल्या.

सासूबाई आणि ती बाई खिचडीत बटाटा घालायचा की नाही यावर बोलायला लागल्या, आणि त्या घरात आमचं बस्तान बसलं.

नंतर बाईंनी भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला. 'हायपरलेक्सिया'. आम्ही आया अक्षरं जुळवत होतो तोवर मुलांनी तो शब्द एका सुरात वाचून टाकला. दुखण्याचं नाव दुखणेकऱ्यांनीच सांगितलं, असं मी मनात म्हटलं. बाईंनी लगेच सांगितलं की हे दुखणं नाही.

"मुलं फार लवकर वाचतात, पण वाचलेलं त्यांना कळतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "आपण बोललेलं तर त्याहून कमी कळतं. लोक दोन चुका करतात. एक तर म्हणतात वेडं आहे. नाहीतर म्हणतात अचाट आहे, आणि पाहुण्यांसमोर वाचायला लावतात. दोन्हीत पोर एकटं पडतं."

चष्मेवाले वडील खाली बघायला लागले. सासूबाईंनी पदर सारखा केला. "पावन्यांचं सोडा," त्या हळूच म्हणाल्या, "नारलाचं काय म्हनता?"

सगळ्यांना ते सांगावं लागलं. सांगितलं सासूबाईंनीच, पिशवीपासून ते थंड व कोरड्या जागेपर्यंत. आया हसून लोळल्या. डोंबिवलीची बाई डोळे पुसत म्हणाली, "आमच्या सासूबाई ह्याला लॉटरीचा नंबर विचारतात हो!" सासूबाईंना ते ऐकून फार बरं वाटलं.

मग बाई म्हणाल्या, "दर्शनाला बोलवा बघू."

मी हाक मारली. दर्शना खिडकीपाशी बसली होती, ती हलली नाही. सासूबाईंनी हाक मारली, चाळीतली कोंबडी पळाली, दर्शना हलली नाही. बाईंनी पाटी घेतली, लिहिलं, 'दर्शना, आईजवळ ये. बस.' आणि ती पाटी नेऊन तिच्या डोळ्यांसमोर धरली, मग बोट माझ्याकडे केलं.

दर्शनाने मोठ्याने वाचलं. परत वाचलं. मग उठली, चालत आली आणि माझ्याजवळ बसली. तिची मांडी माझ्या मांडीला लागली.

ती बोलावल्यावर कधी आली नव्हती. मी पदर तोंडात धरला. सासूबाईंनी पाटी हातात घेतली, उलटी केली आणि मागे काय आहे ते बघितलं.

"पाटीत काही नाही, आजी," बाई म्हणाल्या. "कानाचा रस्ता तिला अवघड आहे. डोळ्यांचा सोपा आहे. आपण सोप्या रस्त्याने जायचं."

"मना तर लिवता येत नाय," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाटी बाईंच्या हातात परत दिली.

बाईंनी मलाही लिहायला लावलं. माझ्या अक्षराला माझीच लाज वाटत होती. मी लिहिलं, 'पाणी पी.' दर्शनाने ते वाचलं, परत वाचलं, गाणं केलं, पाणी काही प्यायली नाही. चष्मेवाले वडील म्हणाले, आमचाही असंच करतो. बाई म्हणाल्या, "शब्दाबरोबर पेला धरा. आणि घाई करू नका." पेला धरला तेव्हा प्यायली.

जेवण सगळ्यांचे डबे एकत्र करून झालं. आम्ही भाकरी आणली होती, कोणी पोळी, कोणी इडली. आमच्या घरात पुरुष आधी जेवतात. इथे आधी मुलं, मग आया, आणि तो एकटा बाप वाढायला होता. सासूबाईंनी त्याच्याकडून दोनदा भात मागून घेतला. भूक होती म्हणून नव्हे.

निघताना मी धीर करून म्हटलं, "बाई, उद्या शाळेत तुम्ही याल का? मला बोलता येत नाही."

"येईन की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण मी आले तर तुमच्या मोठ्या बाई माझ्याशी बोलतील. परवापासून मी नसेन. तुम्ही असाल. उद्या तुम्ही जा. नाही जमलं, तर पुढच्या खेपेला आपण सगळ्या जाऊ, डबे घेऊन."

परतीच्या बसमध्ये मी मोठ्या बाईंपुढे काय बोलायचं ते मनात घोकत होते आणि प्रत्येक वेळी पहिल्याच शब्दाला अडकत होते. दर्शना खिडकीतून उलट्या क्रमाने त्याच पाट्या वाचत होती.

पुन्हा बाळकुम

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत मी, दर्शना आणि सासूबाई. शिपाई दारात मुद्दाम थांबलेला.

"बाळ, तुझं नाव काय?"

"बाळ, तुझं नाव काय?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घोकलेलं सगळं गेलं. सासूबाई पुढे सरसावल्या. "बाई, ही देवी नाय. आमची चुकी झाली. ठाकुर्लीला असल्या पुस्कल हायेत, एकाने तर सोडे उधळले..."

"आजी, एक मिनिट," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही बोला ना. तुम्ही आई ना तिच्या?"

भिंतीवर फळा होता, वर सुविचार लिहिलेला. मी उठले आणि खडू घेतला. पहिली रेघ खाली घसरत गेली. मी लिहिलं, 'तुझे नाव काय?'

दर्शनाने वाचलं, "तुझे नाव काय?" आणि थांबली. पुढे काही नाही. शिपायाने घसा साफ केला. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. मला कल्याणचं लाल रंगातलं 'शुद्ध साजूक' दिसलं आणि पुढची मोकळी जागा.

मी प्रश्न पुसला. लिहिलं, 'माझे नाव'. आणि बाजूला झाले.

दर्शना बघत राहिली. चवड्यांवर उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्यावर गेली. तिचा चेहरा कल्याणच्या शिडीखाली झाला होता तसा झाला. मग ती पुढे आली, माझ्या हातातून खडू काढून घेतला आणि लिहिलं, 'दर्शना काशिनाथ भोईर'. सगळं वाचून दाखवलं आणि लांब श्वास सोडला.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी दुसरा खडू घेतला, खाली लिहिलं, 'मी शाळेत', आणि त्याही बाजूला झाल्या.

दर्शनाला विचार करावा लागला नाही. तिने लिहिलं, 'थुंकू नये'.

मोठ्या बाई एवढ्या हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. "मी शाळेत थुंकू नये," त्यांनी वाचलं. "एवढं पाळलं तरी इथल्या निम्म्या लोकांपेक्षा बरी आहे." आणि त्यांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई दारातून नाहीसा झाला.

पण त्यांनी सरळ हो म्हटलं नाही. "मी वर्गभर मुलांना शिकवू की हिच्यासाठी लिहीत बसू?" त्यांनी विचारलं. ते खरंच होतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी लिहीन." मोठ्या बाईंनी जरा विचार केला. दिवाळीपर्यंत दर्शना वर्गात बसेल, मी तिच्याशेजारी पाटी घेऊन बसायचं, मग बघू. म्हणजे मी चौथी पास होऊन पुन्हा पहिलीत आले. सासूबाई म्हणाल्या, "दोगींचा डबा कोन करील?" मग म्हणाल्या, "मीच करतं."

दुपारी पलीकडच्या आळीतली एक बाई नारळ घेऊन आली. तिची म्हैस हरवली होती. सासूबाईंनी तिला दारातच सांगितलं, "देवी शालेत जाते आता. म्हैस तूच शोद." आणि नारळ ठेवून घेतला. सवय.

मी जेवणाची भांडी आवरत होते. सासूबाई पाटी घेऊन माझ्याजवळ आल्या.

"माज्यासाटी बी एक लिव गो."

"काय लिहू?"

"लिव, आजीजवल." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "बाकीचं ऱ्हाऊ दे. ती लिवील. तिला अर्धं सोसत नाय."

त्या पडवीत दर्शनासमोर बसल्या आणि पाटी छातीशी धरली. उलटी. मी उठणार होते, पण दर्शनाने हात पुढे केला, पाटी आजीच्या हातातच सुलटी फिरवली आणि वाचलं. मग खडू घेऊन पुढे लिहिलं.

"काय लिवलं?" सासूबाईंनी मान वाकडी करून विचारलं. "बस? बस लिवलं ना गो?"

"नारळ," मी म्हटलं. "आजीजवळ नारळ."

सासूबाई उठल्या, म्हशीवाल्या बाईचा नारळ उंबऱ्यावर फोडला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा काढून नातीपुढे धरला. दर्शनाने तो घेतला. खात खात ती सासूबाईंच्या जवळ सरकली आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. पाटी बाजूला पडली होती. बस म्हणून तिला कोणी लिहून दिलं नव्हतं.